चुकांचा तास

दिल्लीत वाढलेल्या मुलांचं मराठी ऐकलं की माझं डोकं फिरतं. 'माझं पोट दुखून राहिलंय', 'पप्पाने मना केलं', 'मी त्याला बोललो की चल यार'. आईबाप समोर बसून कौतुकाने हसतात आणि वर मलाच सांगतात, बाई, बोलतोय हेच खूप आहे. मला विचाराल तर असं बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. मी मूळची सांगलीची. लग्न होऊन फरीदाबादला आले, आणि गेली कित्येक वर्षं इथल्या एका मराठी मंडळाच्या शाळेत आठवीला मराठी शिकवते. शाळा छावणीला लागून आहे, त्यामुळे निम्मी मुलं सरकारी बाबूंची आणि निम्मी फौजींची. बाकीच्या शिक्षिकांना ती मॅम म्हणतात. मला बाई म्हणतात, कारण मॅम म्हटलं की मला ऐकूच येत नाही.

शुक्रवारी माझा चुकांचा तास असतो. तो मी स्वतः शोधून काढला आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. ज्याचं वाक्य चुकलं असेल त्याने उभं राहून ते मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी चूक पकडायची. ज्याची चूक पकडली तो उभाच राहणार, दुसऱ्या कुणाची चूक पकडेपर्यंत. पकडली की बसला. तास संपताना जो उभा उरेल त्याने मधली सुट्टी वर्गाच्या दाराशी काढायची आणि डबा न उघडता घरी न्यायचा. मुलं एकमेकांवर कशी तुटून पडतात ते बघण्यासारखं असतं. जिवलग मित्रसुद्धा मित्राला सोडत नाही. भाषा अशीच येते, लाडाने येत नाही.

उभा उरायचा तो बहुतेक वेळा उदयसिंह. त्याचे वडील मारुतराव हवालदार, वर सीमेवर. आई गिरिजा त्याला आणि धाकटीला घेऊन छावणीतल्या क्वार्टरमध्ये राहते. घरात साताऱ्याकडचं बोलणं, तेच वहीत उतरायचं. दुसऱ्याची चूक त्याला दिसायची, हे मला पक्कं ठाऊक होतं. मूल वाक्य वाचत असताना बरोबर चुकीच्या शब्दाला तो मान वर करायचा. पण हात वर करायचा नाही. एकदा मी त्याला कारण विचारलं. म्हणाला, "मी बसलो तर त्यो उभा ऱ्हाईल, बाई."

असला मोठेपणा माझ्या डोक्यात जातो. मी त्याला दाराशी उभं केलं. तो सावधानमध्ये उभा राहिला, सुट्टी संपेपर्यंत, येणाऱ्याजाणाऱ्या मुलांनी त्याच्या नाकासमोर पराठे हलवले तरी.

आणि जी कधीच उभी राहिली नाही ती वैभवी. मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब यांची नात. ऱ्हस्व-दीर्घ चोख, उच्चार स्वच्छ, बोलताना हिंदीचा एक शब्द येणार नाही. 'आमच्या घरातलं एकही पोर अरुणाबाईंच्या तासाला एकदाही उभं राहिलेलं नाही,' हे भाऊसाहेब गणपतीत स्टेजवरून दरवर्षी सांगतात, आणि तेव्हा सगळं सभागृह माझ्याकडे बघतं. शुक्रवारी पी.टी. संपली की तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा स्टाफरूममधून आणायला मी वैभवीलाच पाठवत असे.

दिवाळीनंतर शाळेत अलार्म वाजायला लागला. आगीच्या तपासणीत मंडळाला झापल्यावर प्रत्येक मजल्यावर लाल डबे बसवले होते. पुढे काच, काच फोडून आतलं बटण दाबलं की सगळ्या इमारतीत भोंगा. मुलांच्या हाती असली वस्तू दिल्यावर दुसरं काय होणार? पण हा भोंगा वाटेल तेव्हा वाजत नव्हता. तो शुक्रवारीच वाजायचा, पी.टी.चा तास संपून आठवीची मुलं जिन्यावरून रमतगमत वर येत असताना, म्हणजे माझा तास सुरू होण्याच्या तोंडावर. मग सगळी शाळा खाली मैदानात, हजेऱ्या, गोंधळ, आणि माझा तास गेला पाण्यात. पुढे एकदा खरोखरच अग्निशमन दलाची गाडी आली. साहेबाने आमचे मुख्याध्यापक खंडेराव सर यांना सगळ्यांदेखत सुनावलं आणि पुन्हा असं झालं तर वरचा मजला बंद करू म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून सरांना कोणीतरी एक नाव हवं होतं.

नाव मी दिलं. भोंगा वाजला की बाकीची मुलं कशी उतरायची? हसत, ढकलत, कोणी डबा घेऊन, कोणी सेल्फी काढायला लपवलेला मोबाइल घेऊन. आम्ही शिक्षकसुद्धा चहाचा कप संपवूनच निघायचो. उदयसिंह मात्र हातातलं टाकून सगळ्यांच्या आधी मैदानाच्या पलीकडच्या भिंतीशी पोचलेला असायचा. तिथे तो वर्गाला हातभर अंतरावर उभं करायचा, बोटाने मोजायचा आणि माझ्यापुढे येऊन सांगायचा, "सगळे हैत, बाई." मी खंडेराव सरांना एवढंच विचारलं की दर वेळी हाच पहिला कसा? भोंगा वाजणार हे ज्याला आधी माहीत असतं तोच आधी पोचतो. आणि माझा तास बुडावा असं याच्याइतकं कुणाला वाटत असेल? सरांना ते लगेच पटलं.

गिरिजाने नंतर त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. मागच्या उन्हाळ्यात छावणीत भोंग्यांचा सराव झाला होता. फौजींच्या पोरांना शिकवलं होतं की भोंगा झाला की हातातलं टाकायचं, नेमल्या जागी जायचं, मोजायचं, आणि कोण कमी आहे ते मोठ्या माणसाला सांगायचं. त्याचा बाप फोनवर विचारतो, म्हणाली, मोजलंस का रे? सरांनी मान डोलावली आणि नाव कायम ठेवलं.

सुधन्वा सर मात्र मध्ये पडला. हा बीडकडचा पोरगा यूपीएससी करायला दिल्लीत आला, राजेंद्रनगरच्या खोल्यांमध्ये वर्षं घालवली, शेवटी आमच्याकडे कंत्राटावर इतिहास आणि लहान वर्गांना मराठी शिकवायला लागला. त्याने स्टाफच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'उदयसिंह हा शाळेतला सर्वात शिस्तप्रीय विद्यार्थी आहे. जो नियम पाळतो त्याच्यावरच संशय घेणे चूकिचे आहे. त्या वेळी कोण कुठे होते ते आधी विचारा.' मी त्या मेसेजचा फोटो घेतला, बोटाने लाल गोल काढले, कडेला शुद्ध रूपं लिहिली आणि परत तिथेच टाकला. हसरे चेहरे आले. भूगोलाच्या प्रणिताने खाली लिहिलं, 'दहापैकी तीन'. त्यावर आणखी हसरे चेहरे आले. त्या वेळी कोण कुठे होतं, हे कुणी विचारलं नाही.

मधल्या सुट्टीत तो स्टाफरूममध्ये माझ्यापुढे येऊन उभा राहिला. आवाज चढलेला. "मॅडम, पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि तुम्ही वेलांट्या मोजताय?"

"ज्याला वेलांटी दिसत नाही," मी म्हणाले, "त्याला पोर काय दिसणार?"

मग आम्ही भांडलो. तो म्हणाला, लोक बोलतात ती भाषा, व्याकरण तिच्यामागून येतं. मी म्हणाले, हे न शिकलेल्या माणसांचं समाधान आहे. तो म्हणाला, प्रमाणभाषा म्हणजे चार पेठांची बोली. मी म्हणाले, मी सांगलीची आहे, मला पेठांचं सांगू नकोस, आणि आधी स्वतःची वाक्यं सुधार. बाकीचे डबे खात ऐकत होते. घंटा झाली तेव्हा त्याच्या लक्षात आलं असावं की उदयसिंहचं नाव घेतल्याला बराच वेळ झाला आहे. तो काहीतरी बोलायला लागला, पण सगळे वर्गांकडे निघाले होते. मला त्या दिवशी डबा गोड लागला.

उदयसिंहचं काय पणाला लागलं होतं तेही सांगते. त्याने सैनिकी शाळेची प्रवेश परीक्षा दिली होती आणि त्यात त्याचं नाव लागलं होतं. वैद्यकीय तपासणी झाली होती. नववीला तिकडे जायचं. आता फक्त आमच्याकडून शाळा सोडल्याचा दाखला हवा होता, आणि त्यात वर्तणुकीच्या रकान्यात 'चांगली' हा शब्द. बापाने गावाकडे पेढे वाटायला सांगून ठेवलं होतं म्हणे.

खंडेराव सरांनी गिरिजाला बोलावलं. मी बसलेच होते. सर सौम्यपणे म्हणाले की आम्हाला मुलाचं वाईट करायचं नाही. सत्तावीस फेब्रुवारीला मराठी भाषा दिनाचा परिपाठ आहे, भाऊसाहेब येणार आहेत, तेव्हा त्याने सगळ्या शाळेपुढे चूक कबूल करावी, माफी मागावी, विषय संपला. 'चांगली' लिहून देऊ.

उदयसिंह दाराशी उभा होता. म्हणाला, "मी केलंच न्हाई."

सर माझ्याकडे बघायला लागले. मी खांदे उडवले. गिरिजा उठली, त्याला व्हरांड्यात घेऊन गेली. तिने त्याला मारलं नाही. हनुवटी धरून त्याचं तोंड वर केलं आणि बोलत राहिली. शेवटचं वाक्य खिडकीतून आत आलं: "म्हणून टाक. तुझा बाप तिकडं काय काय गिळतो, तुला काय ठावं." पोरगा आत आला आणि त्याने मान डोलावली. डोळे कोरडे होते. रडला असता तर मला त्याची कदाचित कीव आली असती.

माफी त्यानेच लिहायची होती. त्याने कागद मला तपासायला आणून दिला. मी वाचला, पेन हातात घेतला, आणि मग खाली ठेवला. म्हणाले, आहे तसंच वाच. मग वैभवीला बोलावून सांगितलं की मराठी भाषा दिन आहे, तेव्हा चुकांच्या तासाचं प्रात्यक्षिक होऊन जाऊ दे. उदयसिंह स्टेजवर माफी वाचेल. त्याचं झालं की तू माइकवर यायचं आणि त्याच्या चुका एकेक करून दाखवायच्या. भाऊसाहेब समोर असतील. तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, स्टेजची भीती. मी पाठीवर थोपटलं.

सकाळी धुकं होतं. मुलं स्वेटरच्या बाह्यांमध्ये हात ओढून रांगांत उभी. भाऊसाहेब शाल पांघरून पहिल्या खुर्चीत. गिरिजा फाटकाजवळ, धाकटीचा हात धरून. मराठीची थोरवी सांगणारी दोन भाषणं झाली, त्यात वक्त्यांनी 'बिल्कुल' आणि 'अच्छा' किती वेळा म्हटलं ते मी मनात धरून ठेवलं. मग उदयसिंह स्टेजवर चढला. कागद उलगडला. "मी शाळेत आगीचा अलार्म वाजिवला," त्याने सुरुवात केली, "त्याच्यामुळं सगळ्यांस्नी तरास झाला." पुढच्या रांगांत खुसखुस सुरू झाली, मागे गेली, तिथून हसू होऊन परत आली. त्याने थांबून ते ओसरू दिलं आणि पुढे वाचलं. शेवटचं वाक्य होतं, "मला माफ करावं आनी मला पुढं जाऊ द्यावं." भाऊसाहेबसुद्धा हसले.

मी माइकवर वैभवीचं नाव घेतलं. कोणी आलं नाही. मी दुसऱ्यांदा नाव घेतलं, आणि भोंगा वाजला.

आता बघा, सगळी शाळा मैदानात. आरोपी स्टेजवर, सगळ्यांच्या नजरेसमोर, हातात माफीचा कागद. खंडेराव सरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग इमारतीकडे, मग माझ्याकडे. मुलं हसायची थांबली. मला सगळं कळलं, तिथल्या तिथे. मी मूर्ख नाही. वह्या आणायला प्रत्येक शुक्रवारी मी कोणाला पाठवत होते ते मला माहीत होतं.

उदयसिंहने मात्र असा काही विचार केला नाही. त्याने कागद खिशात कोंबला, स्टेजवरून उडी मारली, आठवीच्या रांगेपाशी गेला आणि बोटाने मोजायला लागला. पुन्हा मोजलं. मग धावत माझ्यापुढे आला. "एक कमी हाय, बाई. वैभवी." आणि मी काही म्हणायच्या आत तो इमारतीत घुसला. भोंगा चालू होता. फाटकाजवळून गिरिजाने त्याच्या नावाने हाक मारली. त्याला खरंच वाटत होतं की आत आग असेल. इतके महिने खोटा भोंगा ऐकूनही, त्याच भोंग्यापायी एवढं सोसूनही, त्याला तसंच वाटत होतं. त्या क्षणी मला त्याचा जितका राग आला तितका आजवर कुठल्याच मुलाचा आलेला नाही.

तो तिला मनगट धरून बाहेर घेऊन आला. तिच्या बोटाला काच लागली होती. त्याने आपला रुमाल त्यावर दाबून धरला होता. तिला रांगेत तिच्या जागी उभं केलं, शेवटपर्यंत मोजलं आणि मला म्हणाला, "आता सगळे हैत."

कोणीतरी भोंगा बंद केला. खंडेराव सरांना विचारणं भाग होतं. "वैभवी, काच तू फोडलीस?"

तिने आजोबांकडे पाहिलं. भाऊसाहेब खुर्चीत पुढे झुकले होते. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. ती म्हणाली, "हो. उदयसिंहने मला तसं करायला सांगितलं होतं. माफी वाचून झाली की अलार्म वाजव, म्हणजे माझ्यावरचा आळ जाईल, असं तो काल म्हणाला. मी नकार द्यायला हवा होता."

आवाज कापला नाही. वाक्यांत एक चूक नाही.

उदयसिंहने तोंड उघडलं. "म्या... म्या कवा तिला..."

"म्या नाही," मी म्हणाले. "मी."

सगळं मैदान हसलं. सुटका झाल्यासारखं हसलं. त्याने माझ्याकडे बघत तोंड मिटलं आणि नंतर एकदाही उघडलं नाही. सुधन्वा पुढे येऊन ओरडला की ती पोरगी खोटं बोलतेय, सगळ्यांना दिसतंय. भाऊसाहेबांनी शांतपणे खंडेराव सरांना विचारलं की या सरांचं कंत्राट कधी संपतं. त्यावर सुधन्वाही रांगेमागे जाऊन उभा राहिला.

मी का बोलले नाही असं तुम्ही विचाराल. बोलून काय झालं असतं? वैभवी म्हणजे माझ्या तासाचा पुरावा आहे. ती खोटी ठरली असती तर इतकी वर्षं मी मुलांना उभं करून काय शिकवलं, हे लोकांनी मलाच विचारलं असतं. एका हवालदाराच्या पोरासाठी मी ते ऐकून घेणार नव्हते.

दाखला मार्चमध्ये तयार झाला. वर्गशिक्षिका म्हणून वर्तणुकीचा रकाना मीच भरला. 'असमाधानकारक'. अक्षर सुरेख आलं. गिरिजा एकटीच आली होती. तिने दाखला वाचला, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि तिथेच ठेवून विचारलं, "बाई, त्यो तिला आणायला आत गेला, ते कुठं लिव्हत्यात?"

मी सांगितलं, त्याला रकाना नसतो.

ती उभीच राहिली. मला वाटलं, आता बोलेल, भांडेल, माझ्याकडे उत्तरं तयार होती. पण तिने दाखल्याची घडी घातली, ब्लाउजमध्ये ठेवली आणि पदर सारखा करून निघून गेली. सैनिकी शाळेने त्याला घेतलं नाही. वार्षिक परीक्षेनंतर त्याला चुलत्याकडे गावी पाठवलं, असं प्रणिताकडून कळलं. तिला ते कुठून कळलं, मी विचारलं नाही.

नवीन वर्षी वैभवीचा वर्ग नववीत गेला, आणि नववीचं मराठीही मंडळाने माझ्याकडेच दिलं. जुलैतल्या एका शुक्रवारी, पी.टी.नंतर मुलं जिन्यावर असताना, भोंगा वाजला. आम्ही सगळे मैदानात उतरलो. मुलं घोळक्याने उभी राहिली, कोणी डबा उघडला. मोजलं कोणीच नाही. खंडेराव सर म्हणाले, वायर सैल झाली असेल. मीही म्हणाले, पावसाळ्यात होतं असं.

वैभवी सगळ्यांच्या शेवटी आली, वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून. उजवी मूठ मिटलेली होती. वर्गात गेल्यावर मी तिला टेबलाजवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "या वेळी कोणी सांगितलं?"

तिने वर पाहिलं. "कोणीच नाही, बाई."

मी तिला जागेवर बसायला सांगितलं. वह्या वाटल्या. मुलं आठवीतल्यासारखीच बसली होती: उदयसिंहची जागा रिकामीच, आणि त्याच्या शेजारी बसणारा समर्थ खिडकीबाहेर बघत होता. मी त्याला उभं केलं.